मॉर्मन प्रचारकाचा आठवडा

(पिंपळगाव बसवंत येथे नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा काही मंडळींनी मला विचारले की, बौद्धांच्या मेळाव्यात अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाच्या प्रचारकाची हकीकत कशासाठी? प्रश्न रास्त आहे. आपण जुना धर्म सोडला तो दुसऱ्या एखाद्या देवाच्या पायाशी बसण्यासाठी नव्हे, आणि मीही कोणाच्या पंथाची भलावण करण्यास येथे उभा राहिलेलो नाही. परंतु धर्म बदलणे हे एका दिवसाचे काम आहे; तो घरात टिकविणे आणि घराबाहेर नेणे हे रोजचे काम आहे. हे रोजचे काम कसे करावे याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्यांचा व्यवहार पाहून घेण्यात कमीपणा नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 1950 साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बुद्ध आणि त्याच्या धम्माचे भवितव्य या विषयावर लेख लिहिला. त्यात भिक्खू संघाच्या तत्कालीन स्थितीवर त्यांनी कडक टीका केली आणि संघाने ख्रिस्ती धर्मगुरूंच्या, विशेषतः जेझुइटांच्या, काही गोष्टी उचलाव्यात असे स्पष्टपणे सांगितले. जे सांगण्यास बाबासाहेबांना संकोच वाटला नाही, ते ऐकण्यास आपणास वाटू नये.

मॉर्मन हे लोकांनी ठेवलेले नाव आहे. त्या पंथाचे स्वतःचे नाव लांबलचक असून त्याचा अर्थ ‘अंतिम दिवसांतील संतांचे येशू ख्रिस्ताचे चर्च’ असा होतो. जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने 6 एप्रिल 1830 रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. कायद्याने स्थापना करते वेळी सभासद होते सहा. देवदूताने दाखविलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरून आपण एक धर्मग्रंथ भाषांतरित केला, असे स्मिथचे म्हणणे होते. ते पत्रे आज कोठेही पाहावयास मिळत नाहीत. मी वकील आहे. जो दस्तऐवज हजर करता येत नाही त्यावर विसंबून निकाल मागणाऱ्याला न्यायालय काय उत्तर देते हे आपणास ठाऊक आहे. बुद्धाने कालामांना जो उपदेश केला त्याचेही सार तेच आहे. म्हणून त्या ग्रंथाविषयी मी अधिक बोलत नाही. मला सांगावयाचे आहे ते त्या पंथाच्या माणसांविषयी.

या लोकांचा अतोनात छळ झाला. मिसूरी राज्याच्या गव्हर्नराने 1838 साली, त्यांना राज्यातून हाकलून द्यावे अथवा नामशेष करावे असा लेखी हुकूम काढला. तो हुकूम रीतसर रद्द होण्यास 1976 साल उजाडले. 1844 साली जोसेफ स्मिथला तुरुंगात असताना जमावाने ठार केले. उरलेले लोक ब्रिगहॅम यंगच्या पुढारीपणाखाली बैलगाड्यांतून पश्चिमेकडे निघाले आणि 1847 साली युटाच्या ओसाड खोऱ्यात त्यांनी वस्ती केली. गावकुसाबाहेर राहणे काय असते हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. आज या पंथाचे सभासद, त्याच्याच हिशेबानुसार, पावणेदोन कोटींच्या घरात आहेत आणि त्याचे सत्तर हजारांवर प्रचारक एकाच वेळी जगभर फिरत असतात. सहा माणसांपासून येथवर मजल कशी गेली, याचे पुष्कळसे उत्तर त्या प्रचारकाच्या आठवड्यात आहे.

हा प्रचारक पगारी नसतो. तो म्हातारा नसतो, धर्मशास्त्राचा पदवीधरही नसतो. तो अठरा-वीस वर्षांचा, कॉलेजात जाण्याच्या वयाचा मुलगा असतो. मुलगे दोन वर्षांसाठी आणि मुली दीड वर्षासाठी जातात. कोठे जावयाचे हे त्याने निवडावयाचे नसते. चर्चकडून पत्र येते आणि त्या पत्रात ज्या देशाचे नाव असेल तेथे त्याने जावयाचे. त्या देशाची भाषा येत नसेल तर प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे शिकून घ्यावयाची. खर्च कोणाचा? त्याचा स्वतःचा आणि त्याच्या कुटुंबाचा. मुलगा लहान असल्यापासून घरोघर त्यासाठी पैसे बाजूला टाकले जातात. शिवाय त्या पंथाचा प्रत्येक निष्ठावंत सभासद आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग चर्चला देतो तो वेगळाच. गंमत अशी की, या मिसरूड फुटलेल्या पोराला ते ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा असे संबोधतात. आपल्याकडे अठरा वर्षांच्या मुलाला कोणी सभेत बोलूही देत नाही.

आता त्याचा आठवडा पाहा. सकाळी साडेसहाच्या सुमारास तो उठतो. थोडा व्यायाम, न्याहारी, आणि मग अभ्यास. सकाळचे दोनेक तास ग्रंथवाचन, आज कोणाला काय सांगावयाचे याची तयारी, आणि परक्या देशात असेल तर भाषेचा अभ्यास. त्यानंतर तो घराबाहेर पडतो. एकटा कधीच नाही. सदैव दोघांनी मिळून. एकाने दुसऱ्याला नजरेआड करावयाचे नाही असा दंडक आहे. पांढरा सदरा, छातीवर काळी नावपट्टी, पायी किंवा सायकलीवर. दारे ठोठवावयाची, रस्त्यात भेटलेल्याशी बोलावयाचे, ज्यांनी पुन्हा यावयास सांगितले असेल त्यांच्याकडे ठरल्या वेळी जावयाचे, कोणाचे अंगण झाडून द्यावयाचे, कोणाचे सामान हलवावयाचे. रात्री परत येऊन दिवसाची नोंद करावयाची, उद्याचा बेत आखावयाचा आणि साडेदहाला दिवे मालवावयाचे. दारू, तंबाखू, चहा, कॉफी ही तर त्या पंथात सर्वांनाच वर्ज्य; प्रचारकाला सिनेमा-नाटकही नाही आणि प्रेमप्रकरणही नाही. रविवारी उपासना. आठवड्यातून एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, त्याला मोकळा मिळतो. त्या दिवशी कपडे धुवावयाचे, केस कापावयाचे, बाजार करावयाचा आणि आईबापांना पत्र लिहावयाचे. पूर्वी घरी फोन करण्याची मुभा वर्षातून एक-दोन वेळाच असे. 2019 पासून ती आठवड्याला मिळाली आहे.

या साऱ्या खटाटोपाचे फळ काय, असे आपण विचाराल. बहुतेक दारे बंदच होतात. मिट रॉम्नी हे नाव आपल्यापैकी काहींनी वर्तमानपत्रांत वाचले असेल. 2012 साली ते अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी उभे होते. हे गृहस्थ 1966 ते 1968 या काळात फ्रान्समध्ये असेच प्रचारक होते. जेथे जेवणाबरोबर मद्य घेणे ही रोजची रीत आहे, त्या देशात मद्यत्यागाचा उपदेश घेऊन दारोदार जावयाचे. लोकांनी तोंडावर दार लावले तर त्यात नवल ते काय? तरीही पंथ दर वर्षी मुले पाठवीतच राहतो, कारण त्या दोन वर्षांत दुसरे कोणी बदलले नाही तरी एक माणूस खात्रीने बदलतो, आणि तो म्हणजे खुद्द प्रचारक. आपण काय मानतो हे ज्याला दिवसातून वीस वेळा अनोळखी माणसाला समजावून सांगावे लागते, त्याला ते आधी स्वतःला समजावून सांगावे लागते. लोकांच्या शंकांना उत्तरे देता देता त्याच्या स्वतःच्या शंका फिटतात किंवा निदान त्याला त्यांची ओळख तरी होते. तो घरी परततो, शिक्षण पुरे करतो, नोकरी-धंदा करतो, लग्न करतो. पण त्याच्या घरात धर्म हा केवळ दाखल्यावरचा शब्द राहत नाही. त्याच्या गावच्या चर्चचा कारभार पाहणाराही पगारी पुरोहित नसतो. असाच कोणी दुकानदार किंवा शिक्षक तो पाहतो.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे, कारण आपण आंधळे अनुकरण करणारे लोक नाही. जो पंथ आपली मुले आफ्रिकेपासून फिजीपर्यंत पाठवीत होता, त्याच पंथाने काळ्या वर्णाच्या पुरुषाला आपले पौरोहित्य जून 1978 पर्यंत नाकारले होते. त्या पंथात पौरोहित्य हे थोड्यांचे पद नाही; तेथे बहुतेक प्रत्येक प्रौढ सभासद पुरुषाला ते मिळते. म्हणजे आफ्रिकी वंशाचा माणूस त्या चर्चमध्ये येऊ शके, दशमांश देऊ शके, परंतु बरोबरीने उभा राहू शकत नसे. या निर्बंधाचे समर्थन करण्यासाठी शापाच्या आणि पूर्वजन्मीसारख्या कथाही सांगितल्या गेल्या. जन्माने ठरणारी अपात्रता आणि तिला देवाची संमती, हे गणित आपणास नवे नाही. त्यांनी ते 1978 साली मोडले हे चांगले झाले. मात्र जो कोणी आपल्या दारात धर्म घेऊन येईल त्याला पहिला प्रश्न हाच विचारला पाहिजे की, तुझ्या मंडपात मला कोठे बसविणार? बाबासाहेबांनी येथून जवळच असलेल्या येवल्यात 13 ऑक्टोबर 1935 रोजी धर्मांतराची घोषणा केल्यानंतर निरनिराळ्या धर्मांचे पुढारी त्यांच्याकडे आले. त्यांनी एकवीस वर्षे घेतली ती हाच प्रश्न सर्वांना विचारण्यासाठी.

मॉर्मन प्रचारक महाराष्ट्रात केव्हा आले, हे ऐकून आपणास आश्चर्य वाटेल. ते 1857 च्या बंडापूर्वी आले. ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश प्रचारक 1852 साली मुंबईस उतरला. इंग्रजी वर्तमानपत्रे आणि प्रस्थापित पाद्री त्याच्यावर तुटून पडले. मग तो पुण्यास गेला. तेथे लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला कँपात राहण्यास मज्जाव केला, म्हणून त्याने कँपाच्या हद्दीबाहेर आपले छोटेसे प्रार्थनागृह उभारले. पुण्यात त्याच्याभोवती जमलेली मंडळी डझनभर. पुढे त्याचा भाऊही आला. 1853 च्या एप्रिलमध्ये थेट युटाहून निघालेले तेरा प्रचारक समुद्रमार्गे कलकत्त्यास पोहोचले. त्यांपैकी नऊ जण हिंदुस्थानसाठी आणि चौघे सयामसाठी होते. याच सुमारास या पंथात बहुपत्नीत्व चालते हे त्यांनी जगजाहीर केले होते, आणि ती बातमी प्रचारकांच्या आधीच बंदरांवर पोहोचली. (ती चाल पंथाने 1890 साली अधिकृतपणे सोडली.) तीन-चार वर्षांत सारा खेळ आटोपला. प्रचारक परत गेले आणि जे थोडे अनुयायी मिळाले होते त्यांपैकी काहींना त्यांनी बरोबर नेले.

ते का फसले? बहुपत्नीत्व हे एक कारण झाले. मला दुसरे कारण अधिक महत्त्वाचे वाटते. ही मंडळी मुख्यतः गोऱ्या शिपायांशी आणि इंग्रजी जाणणाऱ्यांशी बोलत होती. एतद्देशीयांपैकी जे जवळ येत त्यांच्याविषयी, हे नोकरीच्या आशेने येतात, अशी तक्रार त्यांच्या लिखाणात आढळते. ती तक्रार खरी असेलही. पण उपाशी माणूस भाकरीबद्दल विचारतो तेव्हा त्याला धर्माचे काहीच विचारावयाचे नसते असे समजणे ही मोठी चूक आहे. त्याच पुण्यात, त्याच 1852 साली, जोतिराव फुले महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढीत होते. त्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने 1855 साली महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. आम्हाला वेद वाचण्याचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा तिचा देवालाच सवाल होता. चौदाएक वर्षांची मुलगी! सात समुद्र ओलांडून धर्म सांगावयास आलेला प्रचारक कँपाच्या वेशीवर बसला होता, आणि धर्माविषयीचा शतकातला सर्वांत धारदार प्रश्न काही कोसांवर विचारला जात होता. त्याचा पत्ता त्याला लागला नाही. त्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास 14 ऑक्टोबर 1956 पर्यंत थांबावे लागले.

परदेशी प्रचारकाच्या आणखी एका आठवड्याची हकीकत मला सांगितलीच पाहिजे, कारण तो आठवडा आपला आहे. डेनिस लिंगवुड हा लंडनचा तरुण दुसऱ्या महायुद्धात सैनिक म्हणून या देशात आला आणि पुढे संघरक्षित या नावाने भिक्खू झाला. ज्या पूज्य चंद्रमणी महास्थविरांनी बाबासाहेबांना दीक्षा दिली, त्यांच्याच हस्ते 1949 साली कुशीनगरला त्याला श्रामणेर दीक्षा मिळाली होती. 6 डिसेंबर 1956 रोजी तो नागपूरला पोहोचला आणि थोड्याच वेळात दिल्लीहून बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची वार्ता आली. दीक्षा घेऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. त्या संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर एक लाखाच्या आसपास लोक जमले. स्थानिक पुढारी बोलावयास उठत आणि दोन शब्दांत त्यांचा कंठ दाटून येई. तेव्हा हा परदेशी भिक्खू रिक्षाच्या बैठकीवर उभा राहून बोलला. बाबासाहेब गेले तरी त्यांचे कार्य आता तुमच्यात जिवंत राहिले पाहिजे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. पुढील चार दिवसांत तो मोहल्ल्यामोहल्ल्यांतून हिंडला आणि त्याने चाळीसएक भाषणे केली. त्या दिवसांत हजारो लोकांनी दीक्षा घेतली. त्यानंतर अनेक वर्षे तो महाराष्ट्रात येत राहिला. पुढे त्याच्या खासगी वर्तनावर इंग्लंडात गंभीर आक्षेप घेतले गेले आणि 2016 साली त्याने स्वतः जाहीर खेद व्यक्त केला, हेही मी येथे सांगतो. चीवर अंगावर आहे म्हणून माणूस चौकशीच्या पलीकडे जात नाही. परंतु त्या चार दिवसांचे काम त्यामुळे खोटे ठरत नाही.

आणि आपल्या परंपरेत तर हे काम अडीच हजार वर्षांचे आहे. भगवान बुद्धांचे साठ शिष्य झाले तेव्हा त्यांनी त्यांना बहुजनांच्या हितासाठी चहूकडे पाठविले आणि दोघांनी एका वाटेने जाऊ नये असे बजावले. मॉर्मन दोघांना एकत्र पाठवितो. बुद्धांनी प्रत्येकाला स्वतंत्र वाट दिली, कारण माणसे थोडी होती आणि वाटा पुष्कळ होत्या. पुण्ण नावाचा भिक्खू सुनापरांतात जावयास निघाला. हा मुलूख म्हणजे आपला सोपाऱ्याकडचा प्रदेश, असे पुष्कळ पंडितांचे मत आहे. तेथील लोक तुला शिव्या देतील तर, असे बुद्धांनी विचारले. पुण्ण म्हणाला, त्यांनी हात उगारला नाही हा त्यांचा चांगुलपणा असे मी समजेन. हाताने मारतील तर? दगड मारतील तर? प्रत्येक प्रश्नाला त्याचे उत्तर त्याच जातीचे होते. मग बुद्धांनी त्याला जाण्यास अनुमती दिली. नाशिकची त्रिरश्मी लेणी ज्या डोंगरात कोरली आहेत, त्या डोंगरापर्यंत धम्म कोणाच्या तरी पायांनीच आला.

आता माझ्या व्यवसायाकडे वळतो, कारण प्रचाराला निघणाऱ्याने कायदा जाणला पाहिजे. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. ‘प्रसार’ हा शब्द तेथे सहजासहजी आलेला नाही. डिसेंबर 1948 मध्ये संविधान सभेत त्यावर कडाक्याचा वाद झाला. लोकनाथ मिश्रांसारख्या सभासदांनी त्यास विरोध केला; कन्हैयालाल मुनशी, टी. टी. कृष्णमाचारी आदींनी त्याची बाजू घेतली, शब्द राहिला. हा हक्क केवळ नागरिकांना नाही, तो ‘सर्व व्यक्तींना’ आहे. भाषणस्वातंत्र्याचा एकोणिसावा अनुच्छेद नागरिकांपुरता आहे, पंचविसावा तसा नाही. म्हणजे या भूमीवर कायदेशीर रीतीने आलेल्या परदेशी माणसालाही त्याचे संरक्षण आहे. मात्र देशात येऊ द्यावे की नाही आणि कोणत्या अटींवर, हे ठरविणे सरकारच्या हाती आहे.

या हक्काला मर्यादाही आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य या त्या मर्यादा होत. ओरिसाने 1967 साली आणि मध्य प्रदेशाने 1968 साली बळजबरी, फसवणूक वा आमिष यांनी घडविलेल्या धर्मांतरास गुन्हा ठरविणारे कायदे केले. सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्टॅनिस्लॉस खटल्यात ते वैध ठरविले आणि सांगितले की, प्रसाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्यास समजावून देण्याचा हक्क. दुसऱ्याचे धर्मांतर ‘करण्याचा’ हक्क त्यात येत नाही. या निर्णयावर पुष्कळ टीका झाली आहे आणि ती बरीचशी योग्य आहे असे मला वाटते. कारण या न्यायाने बोलणाऱ्याचे स्वातंत्र्य मोजले जाते, पण ऐकून आपले मत बदलणाऱ्याचे स्वातंत्र्य बाजूलाच राहते. धर्मांतर कोणी कोणाचे करीत नसतो. माणूस ते स्वतः करतो. नागपूरच्या मैदानावरील लाखो लोकांना कोणी आमिष दाखविले होते? उलट, बौद्ध झाल्यावर अनुसूचित जातीच्या सवलती जातील हे ठाऊक असून त्यांनी दीक्षा घेतली. केंद्रातील ती अडचण 1990 साली कायद्यात दुरुस्ती होऊन दूर झाली. तोवर चौतीस वर्षे लोटली होती.

हे सारे जुने प्रकरण आहे असे समजू नका. गुजरात सरकारच्या गृहखात्याने 8 एप्रिल 2024 रोजी परिपत्रक काढून कळविले की, बौद्ध धर्म हा स्वतंत्र धर्म समजावा आणि हिंदू धर्मातून त्यात येणाऱ्यास तेथील धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. या परिपत्रकाचा पहिला अर्धा भाग वाचून मला समाधान वाटले, कारण आमचा धर्म स्वतंत्र आहे हे एका सरकारने लेखी मान्य केले. दुसरा अर्धा भाग वाचून खेद वाटला. आपली सदसद्विवेकबुद्धी कोणत्या कचेरीच्या शिक्क्याने जागी होत नसते. दिल्लीत ऑक्टोबर 2022 मध्ये दीक्षा समारंभात बावीस प्रतिज्ञा म्हटल्या गेल्या म्हणून त्या समारंभास हजर असलेल्या राजेंद्र पाल गौतम या मंत्र्यांवर गहजब झाला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. ज्या प्रतिज्ञा 1956 पासून उघड्या मैदानात म्हटल्या जात आहेत, त्यांच्यावर हा प्रसंग आला.

यास्तव माझी आपणास व्यवहाराची सूचना अशी आहे. दीक्षा घेणाऱ्या प्रौढ माणसाने आपल्या हाताने, आपण स्वेच्छेने बौद्ध होत आहोत, असे लिहून तारीख व सही करून तो कागद जपून ठेवावा. राज्याराज्यांचे कायदे निरनिराळे आहेत आणि ते बदलत असतात. म्हणून समारंभापूर्वी आपल्या राज्याची त्या वेळची तरतूद वकिलाकडून समजून घ्यावी. दीक्षेच्या मंडपात वह्या, साड्या, भांडी असे काहीही वाटू नये. वाटप करावयाचेच असेल तर ते दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी आणि सर्व धर्मांच्या गरजूंना करावे. बावीस प्रतिज्ञा आपल्या स्वतःच्या निश्चयाच्या आहेत. मी अमुक मानणार नाही, असे म्हणणे हा कोणाचा अपमान नव्हे. परंतु शेजाऱ्याच्या दारात उभे राहून त्याच्या देवाची टवाळी करणे ही निराळी गोष्ट आहे. भारतीय न्याय संहितेच्या 299 व्या कलमाचे दार तेथे उघडते. आणि उद्या जर दोन परदेशी मुले नावपट्टी लावून आपल्या वस्तीत आली, तर त्यांना हाकलू नका. त्यांना पाणी द्या, त्यांचे ऐका आणि मग त्यांना आपले ऐकवा. ज्या अनुच्छेदाच्या आधारे ती बोलणार, त्याच अनुच्छेदाच्या आधारे आपण बौद्ध आहोत. त्यांचे दार बंद करणारा कडीकोयंडा आपल्याच दाराला बसेल.

पण ऐकवावयाचे म्हटले तर ऐकविणार कोण? 2011 च्या जनगणनेत देशात चौऱ्याऐंशी लाख बौद्ध नोंदले गेले. त्यांपैकी पासष्ट लाख एकट्या महाराष्ट्रातले. म्हणजे चारांतले तीन आपल्याच राज्यात. बाबासाहेबांना सारा भारत बौद्धमय करावयाचा होता. नागपूरच्या 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या: प्रत्येकाने आपल्या उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा, आणि दीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला आहे. पहिली गोष्ट मॉर्मनांच्या दशमांशाच्या निम्मी आहे आणि दुसरी त्यांच्या बिनपगारी प्रचारकाइतकीच मोठी आहे. या दोन्ही आपल्या हाती सत्तर वर्षे पडून आहेत. आपण जयंतीला वर्गणी देतो, ती मोकळ्या हाताने देतो, आणि ती ध्वनिक्षेपकावर खर्च होते.

मी आपल्या मुलांना दोन वर्षे परदेशी पाठवा असे सांगणार नाही. ज्या घरात एका कमावत्या हातावर पाच तोंडे आहेत, त्या घराला असे सांगणे ही थट्टा होईल. शिवाय आपल्या भागाचे पंचांग निराळे आहे. वर्षावास येतो तो नेमका टोमॅटोच्या हंगामात; बाजार समितीत संध्याकाळी उशिरापर्यंत गाड्या भरल्या जातात आणि आपली तरुण पोरे तेथे क्रेट उचलीत असतात. आश्विन संपतो न संपतो तोच द्राक्षाची छाटणी सुरू होते. म्हणून दोन वर्षे नकोत. मी मागतो तो एक आठवडा. वर्षावासाच्या तीन महिन्यांतला कोणताही एक, ज्याला जेव्हा सोयीचा असेल तेव्हा. त्या आठवड्यात सकाळी अर्धा तास ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करावयाचे आणि संध्याकाळी एका घरी जावयाचे. घर अनोळखी असण्याची गरज नाही. ज्या भावाने अद्याप दीक्षा घेतली नाही, ज्या आतेच्या देवघरात अद्याप देव आहेत, ज्या शेजाऱ्याने आपण धर्म का बदलला म्हणून विचारले आणि आपण हसून विषय बदलला, त्यांच्याच घरी जावे. ओझर, चांदवड, लासलगाव, वणी येथवर आपली सोयरीक पसरलेली आहे. तेवढे क्षेत्र पहिल्या वर्षाला पुष्कळ झाले. दोघांनी मिळून जावे, एक जाणता आणि एक नवा. येथे मॉर्मनांची रीत मला अधिक सोयीची वाटते. आयाबहिणींनी अवश्य जावे, कारण घरातील पूजाअर्चा, उपासतापास आणि मुलांची नावे या गोष्टी स्वयंपाकघरात ठरतात आणि तेथे पुरुषाचे भाषण पोहोचत नाही. त्यांच्याकडे जेवू नये असे मी म्हणत नाही, पण परत येऊन वहीत लिहावे: कोणाकडे गेलो, त्यांनी काय विचारले, आपल्याला कशाचे उत्तर देता आले नाही.

हा शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. महिन्याच्या पौर्णिमेला विहारात जमल्यावर ते अनुत्तरित प्रश्न वाचावेत आणि त्यांवर चर्चा करावी. पुनर्जन्म नाही तर मेल्यावर काय, आत्मा नाही तर पाप-पुण्य कोणाला, लग्नाचा विधी कसा, दहाव्याचे काय करावयाचे, मुलाच्या दाखल्यावर काय लिहावयाचे, असे ते प्रश्न असतील. कायद्याच्या प्रश्नांची उत्तरे देण्यास मी येईन. इतर प्रश्नांसाठी भन्तेजींना विनंती करावी आणि त्यांनाही जे सांगता येणार नाही ते सर्वांनी मिळून ग्रंथात शोधावे.

मेळाव्याच्या व्यवस्थापकांनी दाराशी एक कोरी वही ठेवली आहे. तिच्यात ज्याने-त्याने आपले नाव आणि आपल्याला जमणारा आठवडा लिहावा. नाव घालण्यापूर्वी घरी विचारावयाचे असेल तर अवश्य विचारा. वही पुढील पौर्णिमेपर्यंत विहारातच राहील.